पारदर्शक घनाकृतींचा संच (१० सेंमी): दोन सत्रं वापरल्यानंतर

शंकूच्या टोकाला बारीक चीर गेली आणि पाणी ठिबकायला लागलं. विक्रेत्याला विचारलं तर म्हणे सुटा नग मिळत नाही, अख्खा संच घ्या. म्हणजे परत साडेनऊशे, तेही माझ्याच खिशातून. शेवटी टोकाला आतून एम-सील भरलं.

पण चिरेचं एवढं काही नाही. माझं खरं भांडण आहे ते भिंतीच्या जाडीशी. खोक्यावर लिहिलंय व्यास १० सेंमी, उंची १० सेंमी. मुलांनी पाय (π) ३.१४ घेऊन वृत्तचितीचं (सिलिंडरचं) घनफळ काढलं ७८५ घन सेंटिमीटर (घसेंमी), म्हणजे ७८५ मिलिलीटर. मोजपात्राने पाणी ओतलं तर जेमतेम ७१० मिलिलीटरला काठोकाठ. छापलेली मापं बाहेरची आहेत आणि प्लास्टिक २ मिमी जाड. आतली त्रिज्या ४.८, उंची ९.८, की झाले ७०९. शंकूची भिंत तिरकी, त्यामुळे त्याची आतली उंची जास्तच कमी होते. तेवढ्याच तळाच्या आणि उंचीच्या शंकूचं घनफळ वृत्तचितीच्या एक तृतीयांश असतं, पण इथे तीन शंकू ओतले तरी वृत्तचिती काठापासून तीन-चार मिमी रिकामीच. "सर, एक तृतीयांश नाहीये का मग?" असं मागच्या बाकावरून आलं. ज्या एका गोष्टीसाठी संच घ्यायचा, तीच दाखवता येत नाही! हेल्पलाइनचं उत्तर: "सर, ते डेमोसाठी आहे, मोजण्यासाठी नाही." मग मोजमापं छापता कशाला?

पहिल्या सत्रात मी याला एकच तारा दिला असता. दुसऱ्या सत्रात त्याच ७६ घसेंमीच्या फरकावर (७८५ वजा ७०९) एक अख्खा तास घेतला. बाहेरची वृत्तचिती वजा आतली, राहिलं ते निव्वळ प्लास्टिक. संयुक्त आकृतीत बेरीज सगळ्यांना येते, वजाबाकी सुचत नाही. इथे ती हातात धरता आली. मग वृत्तचिती पाण्याने भरून काठोकाठ भरलेल्या बादलीत हळूच काठापर्यंत बुडवली आणि परातीत सांडलेलं पाणी मोजलं. ७८५ च्या अगदी जवळ. वर्ग खूश. विक्रेत्यावरचा राग मात्र तसाच आहे.

दहावीच्या भूमितीत महत्त्वमापन (पृष्ठफळ-घनफळाची गणितं) शेवटचं प्रकरण, म्हणजे घाईत उरकलं जाणारं. त्यातलं अर्धगोल, वृत्तचिती आणि शंकू जोडलेलं खेळणं मुलांना हमखास अडवतं. वृत्तचितीवर अर्धगोल ठेवला की एकूण उंची १५ सेंमी, आणि निम्मी मुलं सूत्रात उंची म्हणून थेट १५ टाकतात. फळ्यावरच्या आकृतीने हे सुटत नव्हतं. बाजूला पट्टी उभी धरली आणि अर्धगोल उचलला, की वरचे ५ म्हणजे त्याचीच त्रिज्या हे दिसतं. पृष्ठफळातही तेच: जोडावरचं वर्तुळ झाकलं जातं, ते मोजायचं नाही, हे बोट फिरवून कळतं. एवढ्यासाठी संच वसूल.

जोडायला खाच मात्र दिलेली नाही. दुहेरी चिकटपट्टी लावली तर डाग राहतात, रबरबँड शंकूवरून सटकतो. शेवटी एका पोराला धरून उभं करायचं.

गळतीवर उपाय म्हणून पाण्याऐवजी रांगोळी वापरून पाहिली. उत्तम चालते. अर्धगोलात लाल, शंकूत पिवळी भरली. या मापांना दोघांचं घनफळ कागदावर सारखंच, २६१.६७, कारण शंकूची उंची त्रिज्येच्या दुप्पट. शंकूतली अर्धगोलात ओतली तर जवळपास बरोबर भरते. एम-सीलमुळे थोडी आणखी कमी पडते, ती माझी दुरुस्ती. पट्टीने वर सपाट करायला विसरू नका.

गोल आणि घन ठीक आहेत, फार लागत नाहीत. झाकणं सैल.

तीन तारे. सेलमध्ये सहाशेच्या आसपास मिळाला तर घ्या, आणि वर्गात काढण्याआधी आतली मापं स्वतः घेऊन मार्करने प्रत्येक नगावर लिहून ठेवा. पूर्ण किंमत देऊन मी तरी परत घेणार नाही.