बॅटरी बदलली म्हणाले, बदलला फक्त आकडा

आयफोनची बॅटरी बाहेरच्या दुकानात बदलून घ्यायचा विचार असेल आणि दुकानदार "मेसेज येणार नाही, हेल्थ शंभर दाखवेल" असं छातीठोक सांगत असेल, तर फोन त्याच्या हातात देण्याआधी हे वाचा. (मेसेज म्हणजे बॅटरी ॲपलची नसल्याची फोनची सूचना, आणि हेल्थ म्हणजे नवी असतानाच्या तुलनेत बॅटरीची उरलेली क्षमता, टक्क्यांत.) माझ्याकडून अठराशे रुपये घेतले, फोनमध्ये १०० टक्के दाखवलं आणि बॅटरी जुनीच ठेवली.

माझा फोन आयफोन ११. बॅटरी हेल्थ ७६ वर आली होती, खाली 'सर्व्हिस' असं लिहून यायचं. पण आकड्यापेक्षा खरा ताप वेगळा होता. भाजीवालीला पैसे द्यायला फोन काढावा, वर ३० टक्के दिसताहेत, क्यूआर स्कॅन करायला कॅमेरा उघडला की स्क्रीन काळी. मागे रांग, पिशवीत भाजी आणि पर्समध्ये सुट्टे नाहीत. चार्जरला लावला की महाशय पुन्हा ३० च्या आसपास हजर.

लिथियम बॅटरी म्हातारी झाली की तिची साठवण कमी होतेच, शिवाय तिचा अंतर्गत रोधही वाढतो. कॅमेरा किंवा प्रोसेसर एकदम जास्त करंट मागतो, व्होल्टेज खाली बसतं आणि फोन बंद पडतो. फोनला बाकी काही झालेलं नसतं. स्क्रीन चांगली आहे, अपडेट येताहेत, मग नवा फोन कशाला? बॅटरी बदलायची हे तेव्हाच ठरलं, आणि तो निर्णय मला आजही योग्यच वाटतो.

मात्र ८० च्या खाली गेली की बदललीच पाहिजे, असं काही नाही. ॲपलच्या म्हणण्याप्रमाणे आयफोन १४ पर्यंतच्या बॅटऱ्या ५०० पूर्ण सायकलनंतर, आणि १५ पासूनच्या १००० सायकलनंतर, ८० टक्के क्षमता राखतील अशा बनवलेल्या असतात. आज निम्मी आणि उद्या निम्मी वापरली तर ती मिळून एक सायकल. तुमचा दिवस निभत असेल तर ७८ वरही खुशाल वापरा. उलट फोन मधेच बंद पडायला लागला, तर ८५ दाखवत असली तरी बदलून घ्या. आणि स्क्रीन किंवा मागचं झाकण कडेने उचललं गेलं असेल तर बॅटरी फुगली आहे. तो फोन चार्जिंगला लावू नका, उशाशी तर अजिबात नको.

अधिकृत केंद्राचा दर ऐकून पोटात गोळा आला, म्हणून बाजारात गेले. दुकान चांगलं मोठं, एसी, काचेमागे मायक्रोस्कोपवर वाकलेली पोरं.

"ताई, कॉपी लावली तर मेसेज येईल. ही हाय कपॅसिटी, ३८०० ची. आणि ही ओरिजिनल, मेसेज नाही, हेल्थ शंभर. अठराशे होतील. तुम्ही चहा घेऊन या, अर्ध्या तासात देतो. पासकोड तेवढा सांगून ठेवा, टेस्टिंगला लागतो."

पासकोड मी दिला नाही. बॅटरी बदलायला तो लागत नाही. परत आले, फोन अनलॉक करून बघितलं, हेल्थ १००. जुनी बॅटरी मागितली तर म्हणाला, "ती ई-वेस्टला जाते ताई, आम्हाला मोजून द्यावी लागते." बिल मात्र मी लिहूनच घेतलं. आयएमईआयसकट (फोनचा ओळख क्रमांक), 'नवीन बॅटरी बसवली' असं. पुढे सगळी मदार त्याच कागदावर होती.

दुसऱ्याच दिवशी फोन पुन्हा तसाच बंद पडला. दुकानात गेले तर उत्तर तयार: "नवी बॅटरी सेट व्हायला वेळ लागतो. पूर्ण उतरवा, पूर्ण भरा, आठवडाभर करा." पुढच्या खेपेला "ॲप्स फार आहेत तुमच्यात." असं करत करत वॉरंटीचे तीन महिने उलटले की ते सुटले.

मग सेटिंगमध्ये जनरल आणि त्यात अबाउट उघडलं. आयफोन एक्सआर, एक्सएस आणि त्यानंतरच्या फोनमध्ये, आयओएस १५.२ पासून, बॅटरी बदललेली असेल तर तिथे 'पार्ट्स अँड सर्व्हिस हिस्टरी' असा भाग दिसतो. ॲपलची असेल तर तसं, नसेल तर 'अननोन पार्ट'. माझ्या फोनमध्ये तो भागच नव्हता. म्हणजे बॅटरी बदलल्याची खबर फोनला नव्हती. त्यावर दुकानदार शांतपणे म्हणाला, "आम्ही तुमच्या जुन्या बॅटरीची चिप नव्या सेलला वेल्ड करतो, म्हणून दिसत नाही." फोन बॅटरी ओळखतो तो तिच्यावरच्या चिपवरून, आणि सेल म्हणजे वीज साठवणारा भाग. गंमत म्हणजे असं काम खरंच करतात, त्यामुळे फोन उघडल्याशिवाय त्याला खोटं पाडता येईना.

नात्यातल्या ओळखीच्या एका कारागिराकडे गेले. उघडण्यापासूनचा सगळा व्हिडिओ काढला. तळाचे दोन स्क्रू काढले, कडा गरम करून स्क्रीन उचलली. "हे बघा," तो म्हणाला आणि चिमट्याचं टोक बॅटरीच्या कडेला नेलं. बॅटरीखाली डिंकाच्या पट्ट्या असतात. टोक धरून ओढलं की ताणत ताणत बाहेर येतात, आणि एकदा काढल्या की पुन्हा लावता येत नाहीत. माझ्या फोनमधल्या पट्ट्या कारखान्यातून आल्या तशा जागच्या जागी होत्या. चिपवरची टेप कुठे कापलेली नव्हती, वेल्डिंगचा मागमूस नव्हता. नवी वस्तू एकच, कनेक्टरजवळ दडवलेली एक बारीक नारिंगी फ्लेक्स, म्हणजे वाकणारी सर्किटची पट्टी.

प्रकार असा आहे. बॅटरीच्या टोकाशी एक गेज चिप असते. किती सायकल झाल्या, क्षमता किती उरली, ही नोंद तिच्यात राहते आणि फोन ती वाचून टक्के दाखवतो. ही नोंद बदलणारी 'प्रोग्रामर' नावाची यंत्रं आणि त्यासाठी जोडायच्या अशा फ्लेक्स दुरुस्तीच्या बाजारात उघड मिळतात. सायकल शून्य, हेल्थ शंभर, काम पाच-दहा मिनिटांचं. याला धंद्यात 'बूस्ट' म्हणतात. जुन्या गाडीचं मीटर मागे फिरवून विकावी, तसलाच उद्योग. सेल आहे तसाच म्हातारा राहतो.

चीड येते ती आणखी एका गोष्टीची. हा टक्का ग्राहकाच्या हातात आला तोच मुळी फसवणुकीच्या ओरडीनंतर. जुनी बॅटरी असलेले आयफोन मुद्दाम हळू केले जातात हे डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलने मान्य केलं, माफी मागितली, वॉरंटी संपलेल्या फोनच्या बॅटरीचा अमेरिकेतला दर ७९ डॉलरवरून २९ वर आणला आणि मार्च २०१८ मध्ये आयओएस ११.३ बरोबर बॅटरी हेल्थ सगळ्यांना दिसायला लागली. फ्रान्सने तर २०२० मध्ये अडीच कोटी युरोंचा दंड ठोकला. ग्राहकाला खरं कळावं म्हणून आलेला आकडा, आणि आता गल्लीत तोच अठराशेला विकला जातो.

व्हिडिओ आणि बिल घेऊन दुकानात गेले तेव्हा आवाज चढला, मग उतरला, मग "पोराने परस्पर केलं असेल ताई" सुरू झालं. आधी हजार देतो म्हणाला. मी तिथेच उभं राहून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. ही हेल्पलाइन निकाल देत नाही, दुकानदाराकडे विचारणा करते. खरा धाक पुढच्या पायरीचा, जिल्हा ग्राहक आयोगाचा. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी नाही, वकील लागतोच असं नाही आणि दोन वर्षांची मुदत असते. हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक असावं, कारण संध्याकाळी पूर्ण अठराशे यूपीआयने आले आणि पाठोपाठ मेसेज, "मॅडम, गुगलचा रिव्ह्यू काढा प्लीज." काढलेला नाही.

बाहेरच बदलायची असेल तर काम डोळ्यांसमोर करून घ्या. चहाला जाऊ नका. जुनी बॅटरी हातात मागा, टाळाटाळ झाली तर फोन उचला. नवी बॅटरी बसवण्याआधी लेबल वाचा. आयफोन ११ च्या मूळ बॅटरीवर ३११० एमएएच (क्षमता, म्हणजे ३.११ अँपिअर-अवर), ३.८३ व्होल्ट, ११.९१ वॉट-अवर असं असतं. ३.११ गुणिले ३.८३ केलं की ११.९१ येतं. कॉपीवाले एमएएच फुगवतात आणि वॉट-अवर तसेच ठेवतात, तिथे गुणाकार फसतो. भारतात विकल्या जाणाऱ्या लिथियम बॅटरीला बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, नोंदणी सक्तीची आहे. लेबलावर आयएस १६०४६ आणि 'आर'ने सुरू होणारा नंबर असतो, तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कोणाच्या नावावर आहे ते निघतं. अँड्रॉइडवाल्यांनाही हे सगळं लागू आहे.

आणि 'मेसेज येणार नाही' यावर भाळू नका. अधिकृत नसलेल्या नव्या बॅटरीला 'अननोन पार्ट' आला तर निदान बॅटरी बदलली एवढं तरी कळतं.

मी शेवटी अधिकृत केंद्रातच बदलली. पैसे टोचले, पण रात्री घरी येईपर्यंत फोन चालतो आणि अबाउटमध्ये नोंद दिसते. बाहेर बदलणाऱ्यांनी एवढं आणखी लक्षात ठेवा, की स्क्रीन एकदा उचलली आणि सील नवं घातलं नाही, तर आयफोन ११ चं पाणी-धुळीपासूनचं आयपी ६८ संरक्षण गेलं असं धरून चाला. पावसाळ्यात तो फोन प्लास्टिकच्या पिशवीतच बरा.