इंजिन बांधल्याचे बिल आणि न उघडलेले इंजिन

आजोबांच्या पश्चात अनेक वर्षे शेडमध्ये उभी असलेली आमची १९५० च्या दशकातील गाडी चालू करून देण्याचे काम ज्या कारागिराने घेतले, त्याने इंजिन न उघडताच ते नव्याने बांधल्याचे पैसे घेतले, मूळ कार्बोरेटर (पेट्रोल व हवा मिसळणारा भाग) व डायनॅमो (बॅटरी चार्ज करणारा जनित्र) काढून ठेवले आणि गंजलेल्या पत्र्यावर लांबी (पुट्टी) भरून रंग मारला. अशी गाडी ज्यांच्या घरी आहे, त्यांना हे प्रकार आधीच ठाऊक असावेत, म्हणून तपशीलाने लिहीत आहे.

दीर्घकाळ बंद राहिलेल्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा गंजामुळे सिलिंडरला चिकटतात. अशा इंजिनाला थेट स्टार्टर मारत नाहीत. स्पार्क प्लग काढून आत गंज सैल करणारे तेल सोडतात, ते मुरू देतात आणि मग क्रँक (पिस्टनांना जोडलेला इंजिनाचा मुख्य दांडा) हाताने हळूहळू फिरवून पाहतात. टाकीतले पेट्रोल तोवर डिंकासारखे चिकट झालेले असते, ब्रेकच्या सिलिंडरांतील रबर कडक झालेले असते. हे सारे खरे असल्यामुळेच फसवणूक सोपी जाते, कारण कारागीर जे सांगतो ते पटण्यासारखे असते. फक्त ते त्याने केलेले नसते.

आम्हाला सांगण्यात आले की बोअर (सिलिंडरचे आतले भोक) झिजला आहे, रिबोअर करून, म्हणजे तो कापून मोठा करून, अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइझ (मूळ मापाहून मोठे) पिस्टन घालावे लागतील आणि क्रँकची बेअरिंगही बदलावी लागतील. काम पाहायला गेलो की ‘ब्लॉक बोअरिंगला गेला आहे’ हे उत्तर ठरलेले असे; जुने पिस्टन मागितले, तर ते भंगारात गेल्याचे कळले. गाडी ताब्यात देताना, आम्ही पोहोचण्याआधीच इंजिन चालू करून ठेवले होते. गरम इंजिन मुकाट चालते. खरी परीक्षा पूर्ण थंड इंजिन आपल्यासमोर सुरू करण्यात असते, आणि नेमकी तीच टाळली गेली.

थोड्याच दिवसांत निळा धूर, म्हणजे इंजिनात तेल जळत असल्याची खूण, येऊ लागला. दुसऱ्या जाणकाराने इंजिनातले तेल काढले, तेव्हा ते वाजवीपेक्षा फारच घट्ट निघाले. खडखड आणि धूर काही काळ दाबून ठेवण्याची ही जुनी युक्ती आहे. ओव्हरसाइझ पिस्टनच्या माथ्यावर बहुधा मापाची खूण ठोकलेली असते, मिलिमीटरमध्ये ०.५० किंवा इंचाच्या हजाराव्या भागात ०२०. आमच्या इंजिनात प्लगच्या भोकातून पिस्टनचा माथा दिसतो, म्हणून तेथून बारीक कॅमेरा आत सोडला. पण खूण शोधण्याची वेळच आली नाही, कारण माथ्यावर जुन्या कार्बनचा जाड थर तसाच होता. पुढे खालचा संप (इंजिनाची तेलाची टाकी) उघडला, तर बेअरिंगच्या पाठीवरही मूळ मापाचीच खूण सापडली.

कार्बोरेटरची चोरी उघड झाली ती गाडी देण्यापूर्वी काढलेल्या छायाचित्रांमुळे. मूळ कार्बोरेटरवर क्रमांकाची पितळी पट्टी होती. आता बसवलेला निराळ्याच घडणीचा आहे. डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर (त्याच कामाचा नव्या पद्धतीचा भाग) बसवून त्याला ‘सुधारणा’ म्हटले गेले. जुने सुटे भाग दुर्मीळ असल्याने त्यांना वेगळे गिऱ्हाईक मिळते, हे लक्षात ठेवून प्रत्येक भागाचे व त्यावरील क्रमांकाचे छायाचित्र काढावे आणि काढलेला प्रत्येक भाग, निकामी असला तरी, परत मिळेल ही अट लेखी करारात घालावी. तोंडी ‘हो, देऊ’ याला माझ्या मते काहीही किंमत नाही.

पत्र्याची तपासणी त्याहून सोपी आहे. कापडात गुंडाळलेला लोहचुंबक रंगावरून फिरवला की जाड लांबीवर तो धरत नाही (पत्रा ॲल्युमिनियमचा नाही याची मात्र आधी खात्री करावी). आमच्या गाडीला वेगळी चॅसी (खालचा सांगाडा) नाही, बॉडीच भार वाहते; त्यामुळे दाराखालच्या पट्ट्यात लांबी भरणे ही निव्वळ लबाडी नव्हे, तर जिवाशी खेळ आहे.

लेखी नोटीस गेल्यावर डायनॅमो परत आला व त्याचा क्रमांक जुळला. कार्बोरेटर ‘सापडत नाही’. दरम्यान नव्या कारागिराने माझ्यासमोर हेड (सिलिंडरांवरचे झाकण) उतरवून बोअरचे माप घेतले. झीज मर्यादेतच असून रिबोअरची मुळात गरजच नव्हती. केवळ रिंगा बदलून काम भागणार आहे.