नाशिकमध्ये भाड्याने मिळणारं पाच लिटरचं ऑक्सिजन मशीन

एम्फिसीमा किंवा सीओपीडीच्या (फुप्फुसं हळूहळू निकामी होऊन धाप लागणाऱ्या जुनाट आजारांच्या) पेशंटला डिस्चार्जच्या कागदावर 'होम ऑक्सिजन' लिहून मिळालं की घरचे गोळे कॉलनीकडे वळतात. सर्जिकल सामानाच्या दुकानांत पाच लिटरचं कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे खोलीतल्या हवेतून मिनिटाला पाच लिटरपर्यंत ऑक्सिजन काढून देणारं मशीन, अनामत घेऊन महिन्याच्या भाड्याने देतात, माणूस घरी येऊन जोडूनही जातो. पोहोचवण्याला पैकीच्या पैकी मार्क. समजावून सांगण्यात मात्र बहुतेक जण काठावर पास.

जोडणी दहा मिनिटांत उरकते. मशीन कोपऱ्यात, पिन सॉकेटमध्ये, बाटलीत पाणी, नळी नाकाला. "काकू, बुडबुडे येतायत ना? मग ऑक्सिजन चालू आहे." इथंच थांबवायचं आणि विचारायचं, "दादा, ऑक्सिजनचे टक्के मोजायचं मीटर आणलंय का?"

कारण बुडबुडे साध्या हवेचेही येतात. हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो. मशीनमधल्या दोन नळकांड्यांत झिओलाइटचे दाणे असतात. दाबाखाली ते नायट्रोजन धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढे सोडतात. एक नळकांडं काम करतं तेव्हा दुसरं धरलेला नायट्रोजन बाहेर टाकतं, दर काही सेकंदांनी येणारा 'फुस्स' आवाज तोच. धडधाकट मशीन ९० ते ९६ टक्के ऑक्सिजन देतं. पण झिओलाइटला ओल लागली की त्याची पकड जाते. मग फ्लोमीटरची (मिनिटाला किती लिटर जातं ते दाखवणाऱ्या नळीतली) गोळी २ वरच तरंगत असते, बुडबुडेही छान येतात आणि नाकात जाते जेमतेम सुधारलेली हवा.

२०२१ मध्ये कोरोनाच्या लाटेत घाईने घेतलेली आणि नंतर माळ्यावर पावसाळे काढलेली मशीनं म्हणूनच संशयाने बघावीत, मग ती दुकानातली असोत की शेजाऱ्यांनी प्रेमाने दिलेली. पंधरा मिनिटं चालू ठेवून आधी पेशंटच्या फ्लोला आणि मग ५ लिटरला मीटर लावा. ९० च्या खाली आकडा दिसला तर मशीन परत. ऑनलाइन मिळणारी '१ ते ७ लिटर'वाली स्वस्त मशीनं तर विचारातही घेऊ नका. त्यातली बरीचशी १ लिटरला ९० टक्के देतात आणि ७ ला तिशीवर येतात.

दुसरी नेहमीची भानगड बाटलीची. प्लॅस्टिकचं झाकण आट्यांवर तिरकं बसलं की ऑक्सिजन तिथूनच निसटतो. नळी चिमटीत दाबून धरा. बाटलीच्या झडपेतून शिट्टीसारखा आवाज आला तर झाकण ठीक, नाही आला तर काढून पुन्हा लावा. पाणी डिस्टिल्ड आणि रोज बदललेलं हवं. नळाचं भरलं की तळाशी पांढरा थर बसतो. नाकातली नळी साधारण दोन आठवड्यांनी नवी. मशीन भिंतीपासून फूटभर लांब असावं, पडद्यामागे नको. मागचा स्पंजचा फिल्टर आठवड्याला धुऊन, पूर्ण वाळवून लावायचा. सातपूर-अंबडच्या धुळीत आठवडाही जास्त होतो.

आता फ्लोच्या बटणाबद्दल. रात्री धाप वाढली की घरातलं कुणीतरी मायेपोटी २ चं ५ करतं. जुनाट सीओपीडीत जास्त ऑक्सिजनने रक्तात कार्बन डायऑक्साइड साठू शकतो. सकाळी डोकं जड, पेशंट गुंगीत, हाक मारली तरी धड उत्तर नाही, अशी लक्षणं दिसली तर थेट हॉस्पिटल गाठा. टास्मानियात ॲम्ब्युलन्समधल्या पेशंटवर झालेला अभ्यास २०१० मध्ये छापून आला: ऑक्सिमीटरवरचा, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन ८८ ते ९२ टक्क्यांच्या बेतात ठेवला तेव्हा भरमसाट देण्यापेक्षा मृत्यू कमी झाले. ऑक्सिमीटरवर ९९ बघून खूश होण्यासारखं इथं काही नाही.

मशीन खरंच लागतं का, हे मात्र कुठलाच दुकानदार विचारणार नाही, त्याच्याकडून ती अपेक्षाही नको. १९८० चा अमेरिकेतला आणि १९८१ चा ब्रिटनमधला अभ्यास आजही पाया आहे. रक्तातला ऑक्सिजन फारच खाली गेलेल्यांना, म्हणजे धमनीच्या रक्ताच्या तपासणीत ऑक्सिजनचा दाब ५५ (मिमी पारा) किंवा त्याहून कमी असलेल्यांना, रोज १५ तास किंवा जास्त ऑक्सिजन दिल्याने आयुष्य वाढतं. २०१६ मध्ये ७३८ पेशंटच्या चाचणीत कमतरता मध्यम असलेल्यांना मात्र ना आयुष्यात फरक पडला, ना हॉस्पिटलच्या फेऱ्यांत. धाप लागणं आणि ऑक्सिजन कमी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०२४ च्या स्वीडनमधल्या चाचणीत २४ तास आणि १५ तास यांतही फरक दिसला नाही. म्हणजे डॉक्टरांनी १५ तास सांगितले असतील, तर दुपारी नळी काढून गोदाघाटावर चक्कर मारायला हरकत नाही, डॉक्टरांना एकदा विचारून.

विजेचा हिशेब आधीच करा. साधारण ३५० वॉट धरले तर १५ तासांना सव्वापाच युनिट, महिन्याला १५५ ते १६०. एरवी शंभराच्या आत राहणारं घर महावितरणच्या वरच्या टप्प्यात जातं. १५० एएचच्या एका बॅटरीवर मशीन तीन तासांच्या आसपास तग धरतं, इन्व्हर्टर साइन वेव्हचा असेल तर. पावसाळ्यातली वीज त्याहून जास्त वेळ गेलेली असते, म्हणून मशीनसोबत बी टाइपचा सिलिंडर मागून घ्या. त्यात सुमारे दीड हजार लिटर मावतात, २ च्या फ्लोला बारा तास निघतात. सिलिंडरची चावी आणि रेग्युलेटर समोर लावून दाखवायला सांगा. लाइट गेल्यावर अंधारात चावी शोधण्यात हात थरथरतात.

देव्हाऱ्यातलं निरांजन, उदबत्ती, गॅस आणि बिडी दहा फूट लांब. ऑक्सिजन पांघरुणात, मिशीत मुरतो. कोरड्या नाकाला व्हॅसलीन किंवा बाम लावू नये, पाण्यावर आधारित जेल मागावं.

विकत घ्यायची घाई नको. आजार उफाळून आलेला असताना सांगितलेला ऑक्सिजन पुढे बऱ्याच जणांना लागत नाही. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी होईपर्यंत भाडंच परवडतं. पावतीवर मशीनचा सीरियल नंबर, तासांच्या मीटरचा आकडा आणि पहिल्या दिवशीचे टक्के लिहून घ्या. परत करताना अनामतीचा वाद झालाच तर तोच कागद पुढे करायचा.