पसरणीच्या उतारावर कुठला ब्रेक?
पाचगणीहून वाईला उतरताना पाय सतत ब्रेकवर राहिला, की ब्रेक ऑइल तापून उकळू शकतं; मग वाफेचे बुडबुडे धरतात आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. जुनं ऑइल ओलावा शोषतं, म्हणून लवकर उकळतं. हायड्रॉलिकचा, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या नेहमीच्या ब्रेकचा, मोठा दोष हा; दुरुस्ती मात्र साताऱ्यात कुठेही होते.

ब्रेक-बाय-वायरमध्ये पेडल फक्त सेन्सरला कळवतं, दाब संगणक ठरवतो. इलेक्ट्रिक गाडीत तो आधी मोटरने वेग कमी करून त्यातून बॅटरी भरतो. घाटात हे सोनंच! पण पाचगणीतच बॅटरी पूर्ण भरली, तर उतारावर भरायला जागाच नाही. मर्सिडीजने २००१ मध्ये ब्रेक-बाय-वायर प्रणाली आणली, पुढे लाखो गाड्या परत बोलावल्या. म्हणून गाडीतली वीज गेल्यावर ती कशी थांबते, हे मी विकत घेण्याआधी विचारीनच.