चिंगीचा कोंडा आणि माशाचे तेल : दहा महिन्यांच्या वापरानंतर

आमची चिंगी लॅब्रॅडॉर जातीची असून तिला सहा वर्षे पूर्ण झाली आहेत आणि तिचे वजन २७ किलो आहे. गेल्या वर्षी होळीच्या सुमारास तिच्या पाठीवर, विशेषतः शेपटीच्या मुळाशी, कोंडा दिसू लागला, केस राठ झाले आणि रात्री पाय चावत बसण्याचे तिचे प्रमाण वाढले. मी जामनेरला एका जिनिंगमध्ये कापसाची प्रत पाहण्याचे काम करतो. रुईची पेळ दोन्ही हातांच्या चिमटीत धरून तंतू किती लांब निघतो आणि कुठे तुटतो हे पाहण्यात माझी वीस वर्षे गेली आहेत, त्यामुळे चिंगीचा केस बोटांत धरल्यावर तो टोकाकडे कोरडा पडून तुटतो आहे हे मला लगेच समजले. मात्र असे का होते आहे हे समजायला पुढे तीन महिने लागले, आणि त्यातले दोन माझ्याच घाईमुळे वाया गेले.

घाई अशी की कोणालाही न विचारता मी कुत्र्यांसाठीचे, माशाचे तेल मिसळलेले ओमेगा तेल ऑनलाइन मागवले. बाटलीवर चकचकीत केसांच्या कुत्र्याचे चित्र होते, 'ओमेगा ३ आणि ६' असे ठळक अक्षरांत छापलेले होते आणि मात्रा रोज ५ मिली सांगितलेली होती. मार्चच्या मध्यापासून सात आठवडे ते तेल मी तिच्या ज्वारीच्या भाकरीवर नियमाने घातले. कोंडा जसाच्या तसा राहिला. केसांना थोडी चकाकी आली हे खरे आहे, परंतु खाजेत तसूभरही फरक पडला नाही.

दुसरी बाटली मे महिन्यात आली, तेव्हा आमच्याकडे पारा ४४ अंशांच्या पुढे होता. ती किती दिवस कुठल्या गोदामात आणि किती तास तापलेल्या गाडीत पडून होती कोण जाणे, पण झाकण उघडताच माशाच्या सौम्य वासाऐवजी जुन्या वार्निशसारखा, नाकात चढणारा खवट दर्प आला. चिंगीने भाकरी हुंगली, माझ्याकडे पाहिले आणि ती निघून गेली. त्यातून काही बोध घेण्याऐवजी मी भाकरीवर दही घालून तोच घास तिच्या गळी उतरवला आणि पुढचे दोन दिवस अंगणात पातळ शौच साफ करत बसलो. विक्रेत्याकडे तक्रार केली, तेव्हा सील उघडलेली बाटली परत घेता येत नाही असे उत्तर मिळाले. सील उघडल्याशिवाय वास कसा घ्यावा, हा माझा प्रश्न अजून अनुत्तरित आहे.

माशाचे तेल इतक्या लवकर का बिघडते, हे कापसाच्या धंद्यातल्या माणसाला समजण्यास अवघड नाही. ज्या ओमेगा ३ मेदाम्लांसाठी, म्हणजे मेदाच्या घटकांसाठी, आपण ते विकत घेतो, त्यांच्या रेणूंतील अनेक दुहेरी बंध हवेतील प्राणवायूला सहज बळी पडतात आणि उष्णता व उजेड यांमुळे ही क्रिया आणखी वेगाने होते. सरकीचे किंवा शेंगदाण्याचे तेल स्वयंपाकघरात महिनोन्‌महिने टिकते, म्हणून माशाचेही टिकेल अशी समजूत करून घेऊ नये. खवटलेल्या तेलाचा लाभ जातोच, शिवाय असे तेल शरीरातील ई जीवनसत्त्वही खर्ची घालते. म्हणूनच चांगल्या उत्पादनांत ई जीवनसत्त्व मुद्दाम मिसळलेले असते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी चिंगीला जळगावला पशुवैद्यांकडे घेऊन गेलो. तेलाविषयी ते बराच वेळ काहीच बोलले नाहीत. त्यांनी तिचे कान उलटून पाहिले, बोटांच्या बेचक्या तपासल्या, त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि डाव्या कानाच्या आतल्या घडीतून शेंगदाण्याएवढी टम्म फुगलेली गोचीड चिमट्याने काढून माझ्या तळहातावर ठेवली. मी रोज त्या कानावरून हात फिरवत होतो. खरूज नव्हती, बुरशी नव्हती, रक्ताच्या तपासणीत गोचीडतापही आढळला नाही. परंतु गोचिड्या आणि पिसवा अंगावर असताना वाटेल तेवढे तेल पाजले तरी खाज थांबणार नाही, हे त्यांनी मला स्पष्ट शब्दांत सुनावले. आमच्या गल्लीत याच तक्रारीवर कोणी निंबोळीचे तेल सांगितले, कोणी करंजाचे, आणि एकाने तर गाडीचे जळके ऑइल अंगाला चोळण्याचा सल्ला दिला होता. हा शेवटचा उपाय खेड्यांत आजही सर्रास केला जातो. कुत्रे आपले अंग चाटते आणि ते विषारी ऑइल थेट त्याच्या पोटात जाते, एवढे सांगून मी तो विषय सोडतो.

गोचिडीच्या गोळीनंतर डॉक्टरांनी बाटलीचे लेबल मागितले. पुढच्या बाजूचे चित्र न पाहता त्यांनी मागची बारीक अक्षरे वाचली आणि ५ मिलीमध्ये ईपीए ९० मिलिग्रॅम व डीएचए ६० मिलिग्रॅम (ही माशातील ओमेगा ३ गटाची दोन मेदाम्ले), म्हणजे दोन्ही मिळून १५०, हा आकडा मला दाखवला. उरलेला बहुतेक भाग वनस्पती तेलाचा होता. ॲलर्जीच्या खाजेसाठी चिंगीच्या वजनाच्या कुत्र्याला या दोन्हींचे मिळून रोज सुमारे १५०० मिलिग्रॅम लागतात, असे त्यांचे म्हणणे होते. सात आठवडे मी तिला गरजेच्या दहाव्या हिश्शाएवढी मात्रा देत होतो आणि तेल निरुपयोगी असल्याचा निष्कर्षही काढून बसलो होतो.

चकाकी आली पण खाज गेली नाही, याचा उलगडाही तिथेच झाला. ओमेगा ६ गटातील लिनोलिक आम्ल कुत्र्याला अन्नातूनच मिळावे लागते आणि त्वचेचा पाणी धरून ठेवणारा थर त्यापासून बनतो. जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर् या दांपत्याने १९२९ साली उंदरांना मेदरहित आहार देऊन पाहिला, तेव्हा त्यांच्या कातडीला खवले सुटले, आणि मेदाम्लांची आवश्यकता प्रथम सिद्ध झाली ती त्यातून. करडईच्या तेलात हे आम्ल सुमारे तीन चतुर्थांश असते आणि सरकीच्या तेलात निम्म्याच्या आसपास. कोंबडीच्या चरबीतही ते पुरेसे असते. त्यामुळे केवळ चकाकीच हवी असेल तर घाण्यावरचे चमचाभर करडईचे तेलही ते काम करते, त्यासाठी महागड्या बाटलीची गरज नाही. खाज आणि दाह यांचे गणित मात्र वेगळे आहे. तिथे माशातील ईपीए उपयोगी पडते, कारण पेशींच्या आवरणात ते ॲराकिडॉनिक आम्ल या ओमेगा ६ गटातील मेदाम्लाची जागा घेते आणि दाह भडकवणारी द्रव्ये कमी प्रमाणात तयार होतात. पेशींमध्ये ही अदलाबदल व्हायला आठवडे लागतात, म्हणून आठ ते बारा आठवड्यांच्या आत निकाल मागू नये.

सरकीचा उल्लेख आला म्हणून एक सूचना करतो. शुद्ध केलेले खाद्यतेल निराळे आणि गुरांची सरकी पेंड निराळी. पेंडीत गॉसिपॉल हे सरकीतले विषारी द्रव्य असते आणि कुत्र्यांना त्याची बाधा होते. गोठ्याशेजारी कुत्रा बांधणाऱ्यांनी पेंडीचे पोते उंचावर ठेवावे.

आपल्याकडे जवसाची चटणी घरोघरी असते, त्यामुळे जवसाचे तेल का चालू नये, हे मीही विचारले. जवसात ओमेगा ३ भरपूर असते, परंतु ते एएलए या वनस्पतींतल्या स्वरूपात. कुत्र्याच्या शरीरात त्याचे ईपीएमध्ये रूपांतर फार थोडे होते आणि डीएचए तर जवळजवळ तयार होतच नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे 'डबल बॉइल्ड' जवस तेल रंगकामासाठी असते, त्यात रंग लवकर वाळवणारी धातूची द्रव्ये घातलेली असतात आणि ते कोणाच्याही पोटात जाता कामा नये. कॉड माशाच्या यकृताचे तेलही नावावरून सारखे वाटते, पण त्यात अ आणि ड जीवनसत्त्वे असतात, आणि ईपीएचा हिशेब पुरा करण्यासाठी त्याची मात्रा वाढवली तर ती जीवनसत्त्वे अंगात साचून अपाय करतात.

अखेर डॉक्टरांच्या सल्ल्याने मी माणसांसाठीच्या साध्या माशाच्या तेलाच्या कॅप्सूलवर आलो. १००० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये ईपीए १८० आणि डीएचए १२०, म्हणजे कामाचे ३०० मिलिग्रॅम, असा हिशेब होता आणि म्हणून रोज पाच द्याव्या लागणार होत्या. एका कॅप्सूलपासून सुरुवात करून दर चार दिवसांनी एक वाढवली, त्यामुळे पोट बिघडले नाही. पुढे एकात ५०० मिलिग्रॅम देणारी अधिक तीव्रतेची कॅप्सूल मिळाली, आता रोज तीन पुरतात. महिन्याचा खर्च हजार ते अकराशे रुपये येतो, आणि तो मला जड वाटतो हे लपवण्यात अर्थ नाही. घेताना लेबलवर फक्त तेल, जिलेटिन आणि ई जीवनसत्त्व आहे ना, ते पाहावे. चवीचे द्रवरूप प्रकार आणि चघळायच्या गोळ्या टाळाव्यात, कारण त्यांतल्या काहींत झायलिटॉल हे साखरेऐवजी वापरायचे गोड द्रव्य असते आणि ते कुत्र्यांना घातक आहे. जास्त दिले म्हणजे जास्त गुण येईल, असेही नाही. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २००६ साली घालून दिलेली ईपीए आणि डीएचए यांची मिळून वरची मर्यादा चिंगीच्या वजनाला रोज सुमारे ४३८० मिलिग्रॅम येते, पण त्या मर्यादेच्या जवळपास जाण्याचे काहीच कारण नाही. स्वादुपिंडाचा त्रास होऊन गेलेल्या कुत्र्याला तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तेलाचा थेंबही देऊ नये.

आमच्या घरातली अडचण वेगळीच होती. आई माळकरी आहे. चिंगीचे चिकनसुद्धा अंगणातल्या वेगळ्या चुलीवर शिजते, आणि मेच्या अनुभवानंतर कॅप्सूल फ्रिजमध्येच ठेवायच्या हे मी पक्के केले होते. "कुत्राले मासानं तेल, अन् ते बी मना फ्रिजमा!" एवढेच ती म्हणाली, पण दोन दिवस तिने फ्रिजमधले दूध घेतले नाही. शेवटी घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा आणून तो सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवला. शेवाळापासून काढलेले डीएचएयुक्त तेल शाकाहारी घरांना सोयीचे पडते, परंतु खाजेसाठी ईपीए हवे असल्याने आणि त्याची किंमत पाहून मी तो विचार सोडला.

जूनपासून अंघोळही दर आठवड्याऐवजी तीन आठवड्यांनी केली, माणसांचा शॅम्पू बंद केला, आणि धाकटा तिला शेवभाजीच्या रश्श्यात कुस्करलेली भाकरी चोरून देत असे तेही थांबवले. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतात, हे त्याला डॉक्टरांच्याच तोंडून ऐकवले, तेव्हा कुठे त्याला ते पटले.

दर रविवारी मी तिला काळ्या घोंगडीवर उभी करून शेपटीपासून मानेकडे उलटा हात फिरवतो आणि खाली काय पडते ते पाहतो. सहा आठवडे घोंगडीवर पिठासारखा कोंडा पडत राहिला. पोळ्याच्या सुमारास तो चिमूटभर उरला, आणि रात्री पाय चावण्याचा चपचप आवाज बंद झाला आहे हे आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आले नव्हते, ते बायकोने दाखवून दिले. केस आता बोटांत ओढला असता टोकापर्यंत सलग निघतो. गळती मात्र कमी झालेली नाही. केस पूर्वीइतकेच घरभर उडतात, आणि तेलाने केसगळती थांबते असे कोणी सांगितले तर मी ते मान्य करणार नाही.

यात तेलाचे श्रेय किती आणि गोचिडीच्या गोळीचे किती, याबद्दल मलाही शंका होती. योगायोगाने त्याची थोडी परीक्षा झाली. दिवाळीनंतर तिच्या पंजाजवळची एक गाठ काढायची होती. माशाच्या तेलाने रक्त गोठवणाऱ्या बिंबाणूंच्या (प्लेटलेट्सच्या) कामावर परिणाम होऊ शकतो, म्हणून डॉक्टरांनी शस्त्रक्रियेआधी दोन आठवडे तेल बंद करायला सांगितले, आणि जखम भरून टाके निघेपर्यंत तीन आठवडे ते बंदच राहिले. गोचिडीची गोळी, आहार आणि अंघोळ यांत काहीच बदल नव्हता. चौथ्या आठवड्यात घोंगडीवर पुन्हा कोंडा दिसू लागला आणि पाचव्या आठवड्यात पाय चावणे सुरू झाले. त्याच सुमारास आमच्याकडे थंडीही पडली होती आणि कोरड्या हवेने कोंडा वाढतोच, त्यामुळे सगळे माप तेलाच्या पदरात टाकत नाही. निम्म्याहून थोडे अधिक टाकतो.

सांध्यांविषयी मात्र ठामपणे काही लिहू शकत नाही. संधिवातात ईपीए आणि डीएचए यांचा उपयोग होतो हे पशुवैद्यकात मान्य आहे, परंतु त्यासाठीची मात्रा खाजेच्या मात्रेच्या दुपटीहून अधिक असते. चिंगी थंडीत सकाळी उठताना मागच्या पायांवर थोडी अडखळते, ती अजूनही अडखळते.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कॅप्सूल पुन्हा सुरू केल्या. आज सहा आठवडे झाले आहेत आणि गेल्या रविवारी घोंगडी जवळजवळ स्वच्छ निघाली. सध्याच्या डबीतल्या कॅप्सूल फेब्रुवारीअखेर संपतील. त्यानंतर पावसाळा लागेपर्यंत ऑनलाइन काही मागवायचे नाही, गावातल्या एसी असलेल्या मेडिकलमधून एका वेळी एकच डबी, तीही सकाळी लवकर जाऊन आणायची आणि दुकानाच्या पायरीवरच एक कॅप्सूल फोडून वास घ्यायचा, असे ठरवले आहे. मेडिकलवाल्याला तशी कल्पना देऊन ठेवली आहे. तो हसला, पण हो म्हणाला.