बत्तीस बोरचं काडतूस: रिव्हॉल्व्हरचं घ्यावं की पिस्तुलाचं?

परवाना हातात आला की बहुतेक लोक आधी हत्यार पसंत करतात आणि काडतुसाचा विचार गन हाऊसच्या काउंटरवर उभं राहिल्यावर होतो. हा क्रम उलटा हवा. जालना-लातूरच्या मोंढ्यात रोकड घेऊन फिरणारे आडते, पेट्रोल पंपवाले, शेतवस्तीवर एकटं घर असलेली कुटुंबं, सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो: ‘जास्त पावरचं कोणतं?’ माझं म्हणणं असं की पावर नंतर बघा. चाप ओढल्यावर नक्की उडेल आणि जिथं धरलंय तिथंच लागेल, असं काडतूस आधी शोधा.

आपल्यापुढचे पर्याय मुळात थोडे आहेत. बोर म्हणजे नळीच्या आतल्या भोकाचं माप. ९ एमएम आणि .३८ हे निषिद्ध बोर, सर्वसाधारण परवान्यावर मिळत नाहीत. इंटरनेटवर अमेरिकेतली मंडळी ९ एमएमच्या गोळ्यांवर तासन्‌तास वाद घालतात, त्यातलं फारसं काही आपल्या कामाचं नाही. आपल्या हाती मुख्यतः उरतात .३२ आणि .२२.

.३२ म्हणजे एकच काडतूस नव्हे. रिव्हॉल्व्हरचं काडतूस म्हणजे .३२ एस अँड डब्ल्यू लाँग, ७.६५ × २३ मिलिमीटर, १८९६ सालचं. पिस्तुलाचं म्हणजे .३२ एसीपी, ७.६५ × १७ मिलिमीटर, जॉन ब्राउनिंग यांनी १८९९ मध्ये आणलेलं. दोन्ही तळहातावर ठेवा, फरक लगेच दिसतो. रिव्हॉल्व्हरचं लांब असतं आणि बुडाला बाहेर आलेली ठळक कड असते. पिस्तुलाचं आखूड, त्याची कड इतकी बारीक की नखानंच जाणवावी.

आकडे पाहू. रिव्हॉल्व्हरची नेहमीची गोळी ९८ ग्रेनची, म्हणजे साधारण ६.३५ ग्रॅमची, आणि वेग सेकंदाला २१५ मीटरच्या आसपास. पिस्तुलाची ७१ ग्रेनची, साधारण ४.६ ग्रॅमची, वेग २७५ मीटरच्या आसपास. ऊर्जा काढली तर पहिलीची दीडशे ज्यूलच्या जवळ आणि दुसरीची पावणेदोनशेच्या जवळ जाते. नळीच्या लांबीप्रमाणे हे थोडं वर-खाली होतं. कागदावर पिस्तूल पुढे आहे खरं, पण एवढ्या फरकावर निर्णय घेण्यात अर्थ नाही. दोन्ही काडतुसं हलक्या ताकदीचीच आहेत. गोळी नेमकी कुठे लागली, यावरच सगळं ठरतं.

खरा फरक काडतूस उडालं नाही तर पुढे काय, इथे आहे. रिव्हॉल्व्हरमध्ये पुन्हा चाप ओढला की सिलिंडर, म्हणजे काडतुसं भरायचं गोल कोठार, फिरतं आणि पुढचं काडतूस समोर येतं. पिस्तुलात स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढून निकामी काडतूस बाहेर काढावं लागतं. अंधारात, घाबरलेल्या हातांनी, तेही दोन्ही हात मोकळे असतील तरच. शिवाय .३२ एसीपीची ती बारीक कड एक खोड घेऊन येते. मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या पेटीत, वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे अडकली की पुढचं काडतूस चढतच नाही. भरताना वरचं काडतूस खालच्याच्या किंचित पुढे बसलंय ना, हे पाहायचं. लांबीला आखूड अशा पोकळ टोकाच्या गोळ्यांत हा त्रास जास्त होतो, पूर्ण लांबीच्या गोल टोकाच्या, तांब्याच्या वेष्टनाच्या गोळीत कमी.

पिस्तुलाची बाजूही सांगतो. ते चपटं असतं, सदऱ्याखाली दिसत नाही. मॅगझिन बदलायला सोपं आणि झटकाही कमी. ज्याला नेमबाजीच्या रेंजवर नेमानं सराव करायला जमतं, अडकलेलं काडतूस काढायची हाताला सवय आहे, त्यानं पिस्तूल जरूर घ्यावं. पण वर्षातून एखाद्या वेळी हत्यार काढून पुसणाऱ्याला मी रिव्हॉल्व्हरच सांगेन. कानपूरचं २०१४ मध्ये आलेलं ‘निर्भीक’ साधारण अर्धा किलोचं आहे, त्यामुळे वजनाची तक्रारही पूर्वीइतकी राहिलेली नाही.

एक धोक्याची गोष्ट. पिस्तुलाचं काडतूस काही जुन्या रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरमध्ये जाऊन बसतं. बसलं तरी ते उडवू नका. .३२ एसीपीचा कमाल दाब प्रति चौरस इंच वीस हजार पौंडांच्या वर धरलेला आहे, तर रिव्हॉल्व्हरचं काडतूस पंधरा हजारांच्या हिशेबानं बनतं. आजोबांच्या वेळचं रिव्हॉल्व्हर असेल तर हा फरक हातावर बेतू शकतो. काडतुसाच्या बुडावर छापलेलं वाचूनच घ्या. खडकीच्या कारखान्याच्या मालावर के. एफ. ही अक्षरं असतात. पुण्याजवळचा हा कारखाना १८६९ पासूनचा, आता म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत आहे.

आता गोळीच्या टोकाचा प्रश्न. गोल टोकाची वेष्टनाची गोळी दोन्ही हत्यारांत सुरळीत चालते, पण ती आरपार जाऊ शकते. मोंढ्यातली गर्दी, पत्र्याची शेड, भिंतीपलीकडे झोपलेली माणसं, हे डोळ्यांसमोर ठेवा. नुसत्या शिशाची गोळी मऊ असते, नळीत शिसं धरते आणि सफाई वाढवते. सपाट तोंडाची वॉडकटर गोळी नेमबाज लक्ष्यावर स्वच्छ भोक पडावं म्हणून वापरतात. अचूकतेत ती उत्तम, पण घाईत सिलिंडर भरताना तिची सपाट कड अडखळते. पोकळ टोकाच्या गोळीचं आकर्षण बऱ्याच जणांना असतं. मात्र ती लागल्यावर उमलायला वेग लागतो आणि .३२ मध्ये तेवढा वेग मिळेलच असं नाही. तिच्यामागे धावण्यापेक्षा वेष्टनाची गोल गोळी आणि भरपूर सराव, हे मला जास्त पटतं.

कायद्याचंही काडतुसाशी नातं आहे. १ जुलै २०२४ पासून खासगी बचावाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. कलम ३७ सांगतं की बचावापुरती गरज असेल त्यापेक्षा जास्त इजा करता येत नाही. म्हणजे चाललेल्या प्रत्येक गोळीचा जाब द्यावा लागतो. लग्नात, मिरवणुकीत हवेत बार काढणं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर थेट गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. मस्साजोगच्या सरपंचांच्या खुनानंतर बीड जिल्ह्यात परवान्यांची तपासणी झाली आणि बरेच रद्द झाले. ते योग्यच झालं, असं मला मनापासून वाटतं. गरज असलेल्या माणसाचा परवाना अशा मिरवणाऱ्यांमुळेच अडचणीत येतो.

आपल्या हवेचं काय? मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा बेचाळीसच्या पुढे जातो आणि उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डात त्याहून कितीतरी जास्त. तिथे काडतुसं ठेवूच नका, उष्णतेनं दारू खराब होते. चामड्याच्या पट्ट्यात काडतुसं खोचून ठेवायची आपल्याकडे जुनी सवय आहे. चामडं कमावताना वापरलेल्या रसायनांमुळे पितळेवर हिरवट, चिकट थर चढतो आणि काडतूस सिलिंडरमध्ये अर्ध्यावर अडतं. मूळ डब्यातच, कोरड्या जागी, कुलपात ठेवा. सिलिंडरमध्ये तेल ओतून ठेवणं त्याहून वाईट. पातळ तेल बुडाच्या टोपीतून आत झिरपलं की काडतूस मुकं होतं. निवडणुकीच्या आचारसंहितेत हत्यार ठाण्यात जमा केलं असेल, तर परत आल्यावर आधी नळी आणि सिलिंडर कोरडं पुसून घ्या.

पिस्तूलवाल्यांनी आणखी एक जपावं. रोज रात्री रिकामं करून सकाळी तेच काडतूस पुन्हा चढवलं, तर गोळी हळूहळू नळकांड्यात आत दबते आणि दाब वाढतो. नव्या काडतुसाशेजारी उभं करून बघा, बुटकं दिसलं तर बाजूला काढा.

.२२ बद्दल थोडक्यात. ईशापूरच्या कारखान्याचं ‘निडर’ रिव्हॉल्व्हर अडीचशे ग्रॅमचं, हाताला हलकं, झटका नावापुरता. पण .२२ च्या काडतुसात पेट घेणारा मसाला कडेत पसरलेला असतो, त्यामुळे मुकी काडतुसं .३२ पेक्षा जास्त निघतात. मनगट कमजोर असलेल्या किंवा वयस्कर माणसासाठीच मी .२२ चा विचार करेन, आणि तेही रिव्हॉल्व्हरमध्येच.

खरेदी करताना परवान्यावर लिहिलेला कोटा बघा आणि त्यातली निम्मी काडतुसं रेंजसाठी धरा. एकाच लॉटचे डबे मागा. त्यातली दहा-बारा आपल्याच हत्यारातून चालवा, एकही अडकलं किंवा मुकं गेलं तर तो लॉट सरावाला ठेवा आणि बाळगायला दुसरा घ्या. पावती आणि परवान्यावरची नोंद काउंटरवरच ताडून घ्या.