सिपस्मिथ डिस्टिलरी टूर, चिझिक, लंडन: जिनचा धंदा काढायचा असेल तर आधी हे बघून या

माझा मेव्हणा बरीच वर्षं कोल्हापुरात बसून 'आपली स्वतःची जिन काढायची' म्हणतोय. तो लंडनला आला तेव्हा राजवाडा-बिजवाडा बाजूला ठेवून त्याला डिस्ट्रिक्ट लाइनच्या ट्यूबने थेट टर्नहॅम ग्रीन स्टेशनला, सिपस्मिथच्या डिस्टिलरीत आणला, म्हटलं आधी हे बघ आणि मग काय ते लोन काढ.

आत जिन गाळायची तांब्याची भांडी आहेत आणि त्यांना चक्क नावं आहेत, प्रुडन्स, पेशन्स, कॉन्स्टन्स अशी. त्यातली पहिली प्रुडन्स, फक्त 300 लिटरची. सिपस्मिथ काढणाऱ्या गॅल्सवर्दी आणि हॉल या दोन मित्रांनी हिच्यापायी सरकारदरबारी बऱ्याच चपला झिजवल्या, कारण 1800 लिटरपेक्षा लहान भांड्याला परवाना नाकारायची तिथली जुनी रीत, आणि शेवटी 2009 मध्ये परवाना मिळाला. त्यानंतर ब्रिटनभर छोट्या जिनवाल्यांचं जे पेव फुटलं त्याची ही सुरुवात. (मेव्हणा म्हणे, म्हणजे एक्साइजवाले सगळीकडे सारखेच!)

पण त्याला खरा धक्का पुढे बसला. मूळ अल्कोहोल इथं बनतच नाही. गव्हाचं न्यूट्रल स्पिरिट (म्हणजे बिनचवीचं कडक अल्कोहोल) विकत आणायचं, बहुतेक सगळे जिनवाले हेच करतात, मग त्यात पाणी घालून ते जरा सौम्य करायचं आणि मसाला रात्रभर त्यात भिजत ठेवायचा. मसाला तरी काय, धणे, दालचिनी, ज्येष्ठमध, बदामाची पूड, संत्र्या-लिंबाची साल, निम्मी यादी आपल्या वाण्याकडची. ज्युनिपर, म्हणजे जिनला तिची खरी चव देणारे बेरीसारखे दाणे, मात्र मॅसिडोनियाचे. दोन दाणे हातावर घेऊन चुरडले तर पाइनचा वास असा चिकटतो की हात धुतला तरी जात नाही.

सगळ्यात भारी भाग म्हणजे धार कापणं. आपल्याकडे 'पहिल्या धारेची'चं केवढं कौतुक, इथं पहिली धार सरळ बाजूला काढतात, नेलपॉलिश रिमूव्हरसारखा भपकारा असतो तिला. मधली ठेवायची, आणि शेवटी शेवटी जड, उकडलेल्यासारखा वास यायला लागला की थांबायचं. कुठे थांबायचं हे माणूस नाकाने ठरवतो. म्हणजे मशिनरीत कितीही पैसा ओता, ते नाक नसेल तर दर खेपेला माल वेगळा येणार.

आणि हे लोक 'वन शॉट' करतात, म्हणजे भांड्यातून जे येतं त्यात फक्त पाणी घालायचं (तेही थेम्सच्या एका उगमाचं, लिडवेल स्प्रिंगचं) आणि 41.6 टक्क्यांवर आणून बाटलीत भरायचं. दुसरी पद्धत अशी की मसाला कितीतरी पट घालून कडक अर्क काढायचा आणि नंतर त्यात साधं स्पिरिट ओतून वाढवायचा. त्यात बेकायदा काही नाही, स्वस्तही पडतं. आधी आम्ही एका 'स्वतःची जिन बनवा' छाप ठिकाणी (नाव नको) गेलो होतो, तिथं तयार अर्काच्या बाटल्यांतून ड्रॉपरने थेंब टाकायला लावले आणि वर ॲप्रन घालून फोटो. त्यापेक्षा इथं नुसतं बघणं परवडलं.

पैशाचं गणित टूरवर फारसं निघत नाही पण धंदा करणाऱ्याने ते घरून करून जावं. व्हिस्कीसारखी वर्षानुवर्षं पिंपात ठेवायची नाही, आठवड्यात माल विकायला तयार, म्हणूनच व्हिस्कीवालेसुद्धा सुरुवातीला जिन काढून घर चालवतात. पण ब्रिटनमध्ये 40 टक्क्यांच्या 70 सीएल (700 मिली) बाटलीवर नऊ पौंडांच्या पुढे ड्यूटीच आहे, वर 20 टक्के व्हॅट, मग काच, लेबल, दुकानदाराचं मार्जिन, उरतं काय ते बघा. आपल्याकडे तर प्रत्येक राज्यात लेबल वेगळं रजिस्टर करा. आपली भारतीय जिन ग्रेटर दॅन 2017 मध्ये आली, पाठोपाठ दुसरी भारतीय जिन स्ट्रेंजर अँड सन्स, दोघांनी बस्तान बसवलं ते गोव्यातच, उगाच नाही. मेव्हण्यालाही मी तेच सांगितलं, कोल्हापूरचा हट्ट सोड.

एक गोष्ट मात्र खटकते. 2016 मध्ये सिपस्मिथ ही कंपनी बीम सनटोरी या दारूच्या बड्या कंपनीने घेतली, त्यामुळे 'छोटी' म्हणवून घेण्यात आता तेवढा दम नाही. चव बिघडली असं मी म्हणणार नाही, पण आपल्यासारख्याने त्यांची 2009 ची गोष्ट शिकायला घ्यावी, आत्ताचा पसारा नाही.

रिकाम्या पोटी जाऊ नका, टेस्टिंग नीटच चढतं. बाटली घ्यायची तर साधी लंडन ड्राय कुठल्याही सुपरमार्केटात मिळते, इथनं त्यांचीच व्हीजेओपी नावाची कडक जिन घ्या, 57.7 टक्क्यांची, ज्युनिपर दणकून. टॉनिकमध्ये नेहमीपेक्षा कमी ओता आणि निग्रोनी कॉकटेलमध्ये तर दुसरी कुठली वापरूच नका.